डावीकडचा पत्रा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आयुष्यात कुणी चुकीत पकडलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे करणार नाही. इथे तो नुसता तो.

बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात तो रंग तपासायचा. रंग सुकला की गाडी एका लांबलचक खोलीत आणून उभी करत. खोलीला खिडकी नाही, भिंतींवर वरपासून खालपर्यंत ट्यूबलाइटच्या रांगा. त्या उजेडात मुंगीचा पायसुद्धा लपत नाही. हा हात मागे बांधून गाडीभोवती फिरायचा आणि मधेच थांबून खिशातून निळा मेणखडू काढायचा. रंगात अडकलेला धुळीचा कण, एखादा ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा उठलेला भाग, काहीही सापडलं की त्याभोवती गोल. गोल पडला की रंगाऱ्याने तेवढी जागा घासायची आणि पुन्हा रंगवायची, मग घरी जायची वेळ झालेली असो नाहीतर नसो. कामगार त्याला खडूसाहेब म्हणत. म्हणताना मधला 'स' जरा जास्तच रेंगाळायचा.

खरी पंचाईत अशी की तो चुकत नसे. त्याने गोल काढला आणि तिथे दोष निघाला नाही असं कधी झालं नाही. त्याने 'निर्दोष' म्हटलं आणि गाडी परत आली असंही झालं नाही. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. कायम बरोबर असणाऱ्याबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते माझ्या ताईला विचारा.

खडू घरीही खिशातच असायचा. पातेल्याच्या बुडाला खरकटं राहिलं, गोल. आरशावर पाण्याचा थेंब वाळला, गोल. खुर्चीमागच्या भिंतीला ताईच्या डोक्याचं तेल लागलं, तर पाहुणे यायच्या आधी तिथे गोल, म्हणजे ती विसरणार नाही. बोलायचा मात्र काही नाही. आवाज चढवणं त्याला असंस्कृत वाटायचं. गोल काढून तो पेपर वाचत बसायचा आणि ताई फडकं घेऊन यायची. लग्न झालं तेव्हा ती बडबडी होती. पुढे पुढे ती बोलायच्या आधी हातात फडकं घ्यायला शिकली.

एकदा तिच्या गालावर, कानाजवळ, एक पांढुरका डाग उठला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, लक्ष ठेवा. ती दुपारी झोपलेली असताना याने त्या डागाभोवती मेणखडूने गोल काढला. ती उठली, पिशवी घेतली आणि बाजारात गेली. बाजारभर लोक बघत होते. शेवटी किराणावाली म्हणाली, "बाई, तोंडाला काय लागलंय बघा जरा." मेणखडू पाण्याने जात नाही. दुकानाच्या मागे उभी राहून तिने रॉकेलच्या बोळ्याने तो घासून काढला आणि गाल सोलवटून घरी आली. का केलंत विचारल्यावर हा म्हणाला, "पसरतोय का ते कळायला नको? हद्द आखल्याशिवाय कसं कळणार?"

आणि पुन्हा तो बरोबरच होता. डाग पसरला नाही.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. मी शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर असते. ती समोरच्या स्टुलावर बसली, गालाला ओला रुमाल लावून. रडली नाही. म्हणाली, "मला यांच्याकडून काही नको. फक्त एकदा चुकायला हवेत. एकदाच, पण सगळ्यांसमोर." मी म्हटलं, "तुझ्या नशिबात ते सुख नाही." तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

पुढे तो निवृत्त झाला. कारखाना तोवर बसबरोबर मोटारहोमही बनवायला लागला होता, म्हणजे आत ओटा, पलंग, मोरी असलेली गाडी. ताई तिला घरगाडी म्हणायची. याने एक मागवली. फिरायची हौस नव्हती. लॉजच्या चादरी आणि बाथरूम त्याला बघवत नसत, एवढंच कारण. मागवताना बजावलं की पांढरी हवी, आणि पांढरी म्हणजे पांढरी. तपासून ताब्यात घेईन, तेही त्याच खोलीत, त्याच उजेडात.

गाडी घ्यायला आम्ही तिघं गेलो. मला त्याने मुद्दाम बोलावलं होतं. कौतुक करायला माणूस हवा ना. खोलीत झाडून सगळे रंगारी जमले होते. पुढे मोठा रंगारी उभा होता. सुट्टीनंतर घासत बसायची पाळी सर्वांत जास्त वेळा ज्याच्यावर आली तोच हा. दाराशी चहाचे पेले मांडले होते. सगळे फार अदबीने वागत होते आणि कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं.

मी गाडीकडे बघितलं आणि मला वाटलं, अजून एक पत्रा लावायचा राहिलाय. उजवी बाजू पांढरीशुभ्र, पुढचं तोंड शुभ्र, मागचं दार शुभ्र. डावीकडे दारापासून मागच्या चाकापर्यंतचा मोठा पत्रा मात्र सायीच्या रंगाचा. दोऱ्याच्या रिळांत माझं आयुष्य गेलंय, मला पांढऱ्यातले दहा पांढरे कळतात, पण हे कळायला रिळं लागत नव्हती. लहान मूलही बोट दाखवून म्हणालं असतं की हा तुकडा दुसऱ्या गाडीचा आहे.

त्याने पट्टा, घड्याळ, अंगठी काढून माझ्या हातात दिली. नव्या रंगाजवळ धातू घेऊन जायचं नाही हा त्याचा नियम होता. मग हात मागे बांधून फेरी सुरू केली. उजवीकडून गेला. एका जागी बोटं फिरवली, थांबला, गोल काढला. खरोखरच तिथे रेतीएवढा कण होता. रंगाऱ्याने तो लगेच घासून दिला. मग तो मागून वळून डावीकडे आला. खोलीत ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. त्या सायीच्या पत्र्यासमोर तो उभा राहिला, मान तिरकी केली, तळहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"याला म्हणतात काम," तो म्हणाला. "बोट ठेवायला जागा नाही. निर्दोष."

कुणी हसलं नाही. हसायचं असं ठरवून आले होते खरं तर, ते नंतर कळलं. एका रंगाऱ्याने खाली बघितलं, दुसरा चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

हा आत जाऊन ओट्याचे ड्रॉवर उघडून बघत होता, तेवढ्यात मोठा रंगारी ताईजवळ आला. त्याचं तोंड उतरलं होतं. हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात साहेबांचे गोल कमी झाले होते. बाकीच्यांना वाटलं, जाता जाता मऊ झाले. या रंगाऱ्याला मात्र शंका आली होती. गोल कमी झाले ते फक्त रंगाच्या छटेचे, हाताला लागणारे दोष अजून सापडत होते. म्हणून एक गंमत करायची ठरली. एक पत्रा चुकीच्या छटेत रंगवायचा, साहेबांनी पकडला की सगळ्यांनी हसायचं, आणि म्हणायचं साहेब, परीक्षा घेतली.

"वहिनी, साहेबांच्या डोळ्यांना काहीतरी झालंय," तो म्हणाला. "बरोबरचा पत्रा पडद्यामागे तयार ठेवलाय. तुम्ही फक्त हो म्हणा. काहीतरी कारण सांगून संध्याकाळपर्यंत बदलून देतो, त्यांना कळणारही नाही."

ताईने आधी त्या पत्र्याकडे बघितलं. मग गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या नवऱ्याकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना आवडलाय."

रंगारी तिच्याकडे बघतच राहिला. त्याने आयुष्यभर खडूसाहेबाला शिव्या घातल्या होत्या, पण हे त्याला झेपलं नाही. माझं विचाराल तर माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यात भीती किती आणि आनंद किती हे मला आजही सांगता येणार नाही.

गाडी घरी आली आणि तिची बडदास्त सुरू झाली. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आधी पाण्याने धूळ उतरवायची, मग वरून खाली हात, गोल गोल कधी नाही. मग मातीसारखा मऊ गोळा फिरवून रंगात रुतलेले कण ओढून काढायचे. मग लेप द्यायचा, तो सावलीत वाळवायचा, पुसायचा, पुन्हा द्यायचा. पक्ष्याने घाण केली तर जेवणावरून उठायचा. डाव्या पत्र्यावर त्याचा विशेष जीव. सर्वांत सरस काम तेच, म्हणून लेपाचा एक हात जास्त. समोरून येणारे-जाणारे बघायचे की हा म्हातारा त्या पिवळट ठिगळाला सोन्यासारखं घासतोय, आणि मान हलवून पुढे जायचे.

लोक सांगत का नव्हते? ताईने तजवीज करून ठेवली होती. शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं. ती म्हणाली, त्यांनी मुद्दाम तसा करून घेतलाय, पण त्यांच्यापुढे विषय काढू नका, फार चिडतात. शेजाऱ्याच्या नव्या फाटकावर याने एकदा न विचारता गोल काढून ठेवले होते. तेव्हा शेजाऱ्याला विषय काढायची हौस नव्हतीच. सगळ्या गल्लीने मूग गिळले. गाडीला मात्र नाव पडलं, दुरंगी.

त्या वर्षी ताईचं अंग भरलं. खोटं नाही सांगत, तिच्या कपड्यांच्या शिवणी मीच उसवून दिल्या. ती गुणगुणायला लागली. घरात अजून गोल पडत होते, पण आता ते कुठेही पडायचे. स्वच्छ पातेल्यावर पडायचे आणि घाणेरड्यावर पडायचे नाहीत. ती म्हणायची, हो का, बघते हं, आणि फडकं फिरवायची. काही झालं तरी तिने ताकास तूर लागू दिली नाही.

एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले, तलावाकाठी, जिथे अशा गाड्या लावायला जागा असते. बाजूला एक निवृत्त मास्तर आपली गाडी धूत होते. हा लगेच पोचला, हात मागे बांधून. त्यांचा लेप पातळ आहे, ऊन खाणार, दोन वर्षांत गाडी पिवळी पडणार, हे त्याने अर्धा तास समजावलं. मग म्हणाला, "पांढरं राखणं सोपं नाही. या, आमची बघा," आणि त्यांना डाव्या पत्र्यापुढे आणून उभं केलं. मास्तर पत्र्याकडे बघतात, याच्याकडे बघतात, मग ताईकडे बघतात. ताई खुर्चीत बसून चहात साखर ढवळत होती. तिने मास्तरांकडे बघून छान हसून घेतलं. मास्तर म्हणाले, "वा, फारच सुंदर." त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. संध्याकाळी त्यांनी गाडी दुसऱ्या टोकाला नेऊन लावली.

मी ताईला म्हटलं, "अगं, हा गाडी चालवतो. तू शेजारी बसतेस. मरशील."

"ओरखडा येईल म्हणून बैलगाडीसारखी चालवतात," ती म्हणाली. "आणि इतक्यात मरायची मला घाई नाही."

शेवटी पकडला तो लायसनने. नूतनीकरणाच्या तपासणीत त्याला भिंतीवरची अक्षरं वाचता येईनात. आधी त्याने अक्षरांनाच नावं ठेवली, छपाई फिकट आहे म्हणाला. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. पिवळ्या काचेतून जग बघताय तुम्ही, हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी एक डोळा करू, महिन्याने दुसरा. घरी येताना हा म्हणाला, कामात मात्र कधी चूक झाली नाही. ताई म्हणाली, नाही, कधीच नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी त्यांना घेऊन घरी आले. दारातच तो थबकला. घरातल्या भिंती बघितल्या, ओटा बघितला, ताईचा चेहरा बघितला. खूप वेळ बघितला. आपण तिला बरीच वर्षं नीट बघितलं नव्हतं हे त्याला दिसलं असावं. सगळं निळसर दिसतंय म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पांढरं आता खरं पांढरं दिसेल.

चहा झाल्यावर तो अंगणात गेला. ताई उठली नाही, पण तिने पेला खाली ठेवला. खिडकीतून अंगण दिसत होतं. त्याने गाडीवरचं आच्छादन दोरी सोडवून, नेहमीसारखं नीट घडी घालत ओढलं. घडी अर्धवट राहिली.

तो पत्र्यापासून चार पावलं मागे सरकला. मग पुढे आला आणि हात फिरवला. मग त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला. नुसत्या जुन्या डोळ्याने बघितलं. हात काढून डावा झाकला, नव्या डोळ्याने बघितलं. पुन्हा उजवा झाकला. मी आणि ताई खिडकीत उभ्या होतो. एका डोळ्याला गाडी सलग, एका डोळ्याला ठिगळाची. त्याने किती वेळ हे केलं मला ठाऊक नाही, पण समोरचा शेजारी फाटकात येऊन उभा राहिला, बघत राहिला आणि आत निघून गेला. ते याने बघितलं. आता त्याला लांबचं सगळं दिसत होतं.

आत आला तेव्हा तो ताईसमोर उभा राहिला.

"रंगाऱ्याला माहीत होतं?"

"हो."

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांना. त्या दिवशी खोलीत होते ते सगळे. गल्लीतले. तलावावरचे ते मास्तर."

"आणि तुला?"

"मला तर तुम्ही हात फिरवत होता तेव्हाच दिसलं."

त्याने खुर्ची चाचपली आणि बसला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही निर्दोष म्हणालात," ताई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

मला त्याची दया येते का याची मी वाट बघितली. आली नाही.

त्या दिवसानंतर तो अंगणात जाईना. गाडी आच्छादनाखाली, तीही अर्धवट. मधूनमधून तो खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या डोळ्यावर हात ठेवून घराकडे बघायचा. भाजीवाला आला तरी विचारायचा, हा रंग कोणता म्हणतोस तू? भाजीवाला त्याच्याकडे बघून हसायचा. नोकरीची सगळी वर्षं तो मनात फिरवत असणार. शेवटच्या वर्षात आपण कुठल्या गाड्या पास केल्या, त्या कुठल्या रस्त्यांवर कशा रंगाच्या फिरताहेत, आणि कोण कोण कधीपासून हसतंय.

आणि मग तो म्हणाला, दुसरा डोळा करायचा नाही. एक पुरे.

ताईने ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे जाऊन तारीख घेऊन आली. तिने त्याचे कपडे काढून ठेवले, औषधं वेळेवर घातली, त्याला पथ्याचं करून वाढलं. दवाखान्यात मीही होते. बाकावर त्याने तिचा हात धरला. लग्नानंतर माणसांत त्याने तिचा हात धरलेला मी तरी बघितला नव्हता.

"नको गं," तो म्हणाला. "एक तरी राहू दे मला."

"असं कसं," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत ना."

नर्स आली. ताईने त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याची कॉलर सरळ केली आणि त्याला उठवून दिलं. दार बंद झाल्यावर नर्स मला म्हणाली, किती जपतात हो या नवऱ्याला, एवढं हल्ली कोण करतं? मी हो म्हटलं.

ताई बाकावर पाय वर घेऊन निवांत बसली. पट्टी कधी निघेल, त्यानंतर किती दिवसांनी हे गाडी चालवू शकतील, असं तिने नर्सला विचारून घेतलं. मग मला म्हणाली, कारखान्यात फोन केलाय. पत्रा बदलायला रंगारी घरी येतो म्हणत होता, पण मी नको म्हटलं. हे स्वतः घेऊन येतील, त्याच खोलीत, सगळ्यांना थांबायला सांगा.